तीन मिनिटं उभं राहायचं

माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला मागच्या बाजूनं, मानेच्या जरा वर, हाडाची दोन टोकं आहेत. केसांत बोटं घातली की लागतात. लहानपणी मी त्यांना शिंगं म्हणायची. तो चिडायचा नाही, उलट वर्गातल्या पोरांना हात लावून बघू द्यायचा. तो सव्वीस वर्षांचा झाला तेव्हा एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, की त्यांना खरोखर शिंगंच म्हणतात आणि त्याच्या आजाराचं नावही त्यावरूनच पडलंय.

आजार तांब्याचा होता. "जेवणातून तांबं पोटात जातं, पण जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचत नाही," असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळं उभं राहिल्यावर नसा आवळून धरणारं रसायन त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नव्हतं. रक्त पायांत उतरायचं आणि तो पडायचा. कोणीतरी सांगितलं म्हणून आई कित्येक वर्षं त्याला सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजत होती. त्या दिवशी तिनं ते भांडं माळ्यावर टाकलं. हा आजार आईकडून मुलाकडे येतो, हे त्यानंतर कळलं.

बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले आणि मग वारले, तेव्हापासून मदन महल स्टेशनजवळच्या घरात आम्ही तिघंच. मी शाळेत शिकवते. भाऊ घरी बसून कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढतो. तो पडायचा तो आवाज न करता. दारात उभा असायचा आणि मग खाली असायचा. डोळे नेहमीसारखे अर्धे उघडेच, पण बघणारं कोणी त्यांच्यामागे नसायचं. पंधरा-वीस सेकंदांनी परत यायचा आणि विचारायचा, "किती वेळ गेलो होतो?"

भीती मात्र त्याला कधी वाटली नाही. आमच्या भागातल्या मदन महल किल्ल्याच्या टेकडीवर एका खडकावर दुसरा प्रचंड खडक जेमतेम टेकलेला आहे. पोरं त्याच्याखाली शिरायला कचरायची. हा त्याखाली पाठ टेकवून चणे खात बसायचा. आम्हाला वाटायचं, पोरगं धीट आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याच डॉक्टरांनी एका ट्रायलबद्दल सांगितलं. असा आजार असलेली मोठी माणसं मोजकीच, त्यांच्यावर एका औषधाची चाचणी होणार होती. दोन टप्पे. एकात खरं औषध, दुसऱ्यात तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. कधी काय, ते आम्हालाही ठाऊक नसणार आणि डॉक्टरांनाही. रोज सकाळी पाच मिनिटं झोपवून बीपी घ्यायचं, मग तीन मिनिटं उभं करून घ्यायचं आणि वहीत लिहायचं. हे काम माझ्याकडे आलं. सगळी पानं वाचून भावानं स्वतः सही केली.

पहिल्या टप्प्यात काही फरक पडला नाही. झोपलेला असताना आकडा यायचा. उभा राहिला की दंडावरचा पट्टा फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा आणि मशीन एरर दाखवायचं. तो माझ्यासमोर उभा राहून बोलत असायचा, "ताई, आज डब्यात काय नेऊन राहिली?" आणि मशीनला मात्र त्याच्या दंडात कोणी सापडत नसायचं. मी मशीन स्वतःला लावून बघितलं, आईला लावलं. आम्ही दोघी सापडलो.

मधे काही दिवस कॅप्सूल बंद होत्या. मग दुसरा टप्पा सुरू झाला आणि डोस हळूहळू वाढवला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो उभा राहिला आणि मशीननं आकडा दाखवला. दुसऱ्या मिनिटाला दाखवला, तिसऱ्यालाही. मी आनंदानं आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि त्याच्याकडे बघून दारातच थबकली.

"हा असा काहून बघून राहिला?"

मग माझ्याही लक्षात आलं. त्याच्या पापण्या जन्मापासून अर्ध्या मिटलेल्या असायच्या, त्याचा चेहराच तो होता. आता त्या वर गेल्या होत्या. टक्क उघड्या डोळ्यांचा एक माणूस माझ्या भावाचा शर्ट घालून उभा होता. आई त्याला चहा देताना कपाकडे बघायला लागली, तोंडाकडे नाही.

त्याच आठवड्यात तो बाही वर करून माझ्याकडे आला. "ताई, हे काय झालं?" हातावरचा केस न् केस उभा होता. बत्तीस वर्षांच्या माणसाला मी समजावून सांगितलं, की याला अंगावर काटा येणं म्हणतात. "कशानं येतो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, थंडीनं येतो, नाहीतर भीतीनं. बाहेर ऊन तापलं होतं.

रविवारी दुपारी तो आपण होऊन म्हणाला, "चलो, टेकडीवर जाऊ." एकदाही न बसता तो चढला. खडकापाशी गेला, वर बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. कपाळावर घाम आला होता.

"हा पडला तर?"

"इतकी वर्षं नाही पडला."

"मी याच्याखाली बसायचो," तो म्हणाला. "तुम्ही बसू कसं दिलं मला?"

खाली उतरताना त्यानं माझं मनगट धरलं होतं. बोटं गार होती, पण पकड घट्ट होती. घरी आल्यावर त्यानं वही मागितली आणि त्रासाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'भीती वाटते.' डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अच्छा. लिहिलंत ते बरं केलंत. खोडू नका."

टप्पा संपला, कॅप्सूल थांबल्या. आठ दिवसांत पापण्या उतरल्या आणि मशीन पुन्हा एरर दाखवू लागलं. आईला तिचा मुलगा परत मिळाला. बाथरूमच्या दारात तो पडला आणि त्याची भुवई फुटली, तेव्हा त्याला उचलताना तीच म्हणाली, "नको रे बाबा, तो दुसरा बरा होता."

काही महिन्यांनी निकाल कळला. खरं औषध दुसऱ्या टप्प्यातच होतं. त्यातून ते कमी पडणारं रसायन तयार होत होतं, आणि डॉक्टर म्हणाले, घाबरायलाही तेच लागतं. ज्यांना हवं त्यांना ते देखरेखीखाली पुढं चालू ठेवता येणार होतं. तो दोन दिवस विचार करत होता. मी म्हटलं, तुझं तू ठरव. "पडताना मला कधी काही वाटलं नाही, ताई," तो म्हणाला. "वाटायला पाहिजे, हे त्या कॅप्सूल घेताना कळलं." आणि त्यानं हो म्हणून कळवलं.

गेल्या महिन्यात मी शाळेतून आले तर तो फाटकाशी उभा होता. समोरच्या घरातल्या दीदी म्हणाल्या, "भैया तो आधे घंटे से खड़े हैं." अर्धा तास, स्वतःच्या पायांवर! मी रडायच्या बेतात होते.

"आत काहून नाही बसला?" मी विचारलं.

"आत कोणीतरी आहे असं वाटून राहिलं."

आई बाजारात गेली होती. मी आत गेले, दोन्ही खोल्या बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं, मोरीचं दारही ढकलून बघितलं. कोणी नव्हतं. पंखा चालू होता आणि त्याच्या खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली होती. अर्ध्या तासापूर्वी भाऊच तिथून उठून गेल्यामुळं ती दबलेली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पर्स ठेवायची तशीच राहिली. बाहेर आले आणि आई येईपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिले.