परीची चिऊ

भूतबित, करणी, उतारा... यातलं मी काय पण मानत नव्हते, हे आधीच सांगते. तिठ्यावरचं लिंबू पायानी बाजूला सारून भाजी आणायला जायची मी. आठवीपर्यंतच शिकलीय, लिहायची सवय नाय, नणंदेनी हा ग्रुप दाखवला म्हणून मोबाईलवर जमेल तसं लिहितेय. चुकलं तर समजून घ्या. पण माझ्या पोरीबरोबर जे झालं ते मला सांगायचंच हाय.

आमी पनवेलचे, पळस्पे फाट्याच्या अलीकडं राहतो. आमचे हे एसटी स्टँडला रिक्षा चालवतात. परी अडीच वर्षांची, नुकती बोलायला लागलेली — आई, पापा, भूभू, पानी, आणि चिऊ. चिऊ तर दिवसभर. आता आमच्या डोक्यावरून विमानं जातात ना, विमान गेलं तरी वर बोट करून ओरडायची, "चिऊ! चिऊ!"

यांच्या स्टँडवर सगळे मटक्याचा आकडा लावतात, आता मोबाईलवर. एक दिवस दुपारी यांचा दोस्त पिंट्या जेवायला आला. जेवता जेवता परीला बोलला, "ए परी, काकाला आकडा दे की गं." लहान पोराच्या हातून आकडा घेतात लोक, पोराला काय कळत नसतं म्हणून तो खरा निघतो बोलतात. मी पण हसले. परीनी तीन बोटं दाखवली.

तीनच आला. पिंट्या बिर्याणी घेऊन नाचत आला.

दुसऱ्या दिवशी विमान गेलं. परीनी वर बघितलं, तोंड उघडलं... आणि मिटलं. मी बोलले, "काय गं ते? चिऊ ना?" तर माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी काय भलतंच बोलतेय.

मी लक्ष नाय दिलं. पाच दिवसांनी पिंट्यानी परत आकडा मागितला, पाच बोटं, पाचच आला, आणि भूभू गेलं. मग सात — दोन्ही हात वर करून, तिला मोजता कुठं येतं? — आणि पानी गेलं. मग एक... आणि पापा गेलं. तेव्हा हे पण घाबरले, पण सकाळपुरतेच. "येईल परत, पोरं विसरतात," बोलले.

डॉक्टरनी कान बघितले, घसा बघितला. सगळं बरोबर हाय, घाई करू नका बोलले.

सासूबाई भांडी घासत होत्या, आकडा दिला की परीचा शब्द जातो ते मी त्यांना सांगितलं तर त्यांच्या हातातलं पातेलंच पडलं. बोलल्या, "मार्केटात सुकी मच्छी विकते ना ती भीमाबाय, मुकी? तिचा बाप तिच्याच हातून आकडे काढायचा. लहानपणी चांगली बोलायची ती."

"मग आधी का नाय सांगितलं तुमी?"

"लोकांच्या बाता वाटल्या गं मला."

माझ्या पोरीकडं एकच शब्द उरला होता. आई.

त्याच दुपारी पिंट्या दोन जणांना घेऊन दारात, हातात मोठं चॉकलेट. "वहिनी, आज परीराणी कुठंय?" परी माझ्या मांडीवर. त्यांनी विचारलं पण नव्हतं अजून, आणि तिचा हात वर जायला लागला... मी मूठ धरली तिची. तुमाला खोटं वाटेल, पण अडीच वर्षांच्या पोरीची बोटं माझ्या हातात अशी उघडत होती, जशी आतून कुणी ढकलतंय. माझी नखं पांढरी पडली. पण सोडलं नाय.

हे घरातच होते, बोलले, "एकदाच गं. शेवटचं."

"तुमाला पापा बोलत नाय ती. मला आई बोलते. ते पण पायजे का तुमाला?"

खाली मान घातली यांनी. पिंट्या बोलला, "वहिनी, मस्करीचं एवढं काय..." मी बोलले, "भावजी, तुमचा छोटू पण बोलायला लागलाय ना? जा, त्याला विचारा." चॉकलेट हातात तसंच घेऊन मागं सरला तो.

मी पोरीला कंबरेवर घेतली, मूठ तशीच धरून शेअर रिक्षात बसले, मार्केटात गेले. भीमाबाय सुकटीच्या टोपलीमागं बसलेली. मी काय बोलणार, नुसती मूठ पुढं केली. तिनी माझी बोटं सोडवली, परीचा हात स्वतःच्या हातात घेतला... आणि एकेक बोट मिटवत गेली. सगळ्यात शेवटी अंगठा. मग त्या मुठीवर ओठ टेकले. परी तिथंच माझ्या खांद्यावर झोपली.

त्या दिवशी कुठला आकडा आला मी विचारलं नाय. मोबाईलमधलं आकड्याचं ॲप मी यांच्यासमोर काढून टाकलं.

चौथ्या दिवशी परी पापा बोलली. हे दारात रिक्षा चालूच ठेवून रडले. मग पानी आलं. मग भूभू. चिऊ नाय आलं.

महिन्यानी मी भीमाबायला साडी घेऊन गेले. ती नव्हती, नातेवाइकांकडं गेलेली. बाजूची कोळीण बोलली, "अगं, नवल झालंय. चाळीस वर्सं बघतेय मी तिला, तोंडातून हूं नाय कधी. परवा वरून विमान गेलं, तं बोट वर करून बोलली... चिऊ. आता दिसभर तेच बोलते, हसत बसते."

काय हाय हे, मला नाय म्हायती. डॉक्टरला नाय, सासूबाईंना नाय. तुमच्यात कुणाला म्हायती असेल तर सांगा, पण परत आणायचा उपाय सांगू नका. परी विमानाला आता विमान बोलते. तो एक शब्द राहू दे म्हातारीकडं.

बाकीचे नाय देणार.