सोमवार-बुधवारची लाट

चहा निवला तर निवू द्या, पण ही फजिती मला क्रमानेच सांगू द्या. क्रम चुकला तर दोष समुद्रावर जाईल, आणि या प्रकरणात समुद्र पूर्णपणे निर्दोष आहे.

माझा व्यवसाय मोजमापाचा. सौदी अरेबियात, थुवालच्या किनाऱ्यावर आम्ही राहतो त्या विद्यापीठाच्या वसाहतीत जेवढे तराजू, तापमापक आणि दाबमापक आहेत, ते खरे बोलतात की खोटे, हे मी तपासते. साहजिकच माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. घरच्या काट्यावर साखर तोलतानाही मी आधी काटा तपासते. हसा. प्रदीप, म्हणजे माझा नवरा, गेली वीस वर्षे हसतोच आहे.

तर आमची मनू. वय सोळा. दहावी झाली होती आणि अकरावीला ती पुण्याला मावशीकडे जाणार होती. दोन वर्षांपूर्वी श्रीलंकेला गेलो असताना ती आठवडाभर लाटेवर उभे राहायला शिकली, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच खूळ: स्वतःचा सर्फबोर्ड.

एका संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"आई, जायच्या आधी रोज इव्हिनिंगला आपण बीचवर जाऊ या? मी सर्फ करीन, तू बघ. बस, इतनाच."

सोळा वर्षांची मुलगी आपणहून आईला 'तू बघ' म्हणते, हे किती दुर्मीळ असते ते मुलीवाल्यांना सांगायला नको. मी विरघळले. पण विरघळलेल्या मनाने खरेदी करू नये, हे माझे तत्त्व आहे. मी वही काढली.

मनूला 'ट्विन-फिन' हवा होता. बोर्डाच्या शेपटीखाली माशाच्या परासारखी पाती असतात, त्यांना फिन म्हणतात. एरवी ती तीन असतात. ट्विन-फिनला मधले नसते, दोनच. त्यामुळे पाण्याचा अडसर कमी होतो आणि दुबळ्या लाटेवरही बोर्ड पळतो. इथवर माझे समाधान झाले. पण ते दोन फिन कोणते घ्यायचे? रुंद बैठकीचे घेतले तर पकड आणि सरळ वेग. अरुंद, उभट घेतले तर चपळ वळण. निवड लाटेच्या जोरावर अवलंबून.

आम्ही जेद्दाच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने इंग्रजीत विचारले, लाटा कशा आहेत?

"एव्हरीडे वेव्हज," मनू म्हणाली.

"रोजची लाट म्हणजे नेमकी किती?" मी विचारले. "किती सेंटिमीटर?"

पलीकडून त्याने प्रश्न पुन्हा सांगायला लावला. इकडे मनूने कपाळावर हात मारला.

"आई, इट्स अ सर्फबोर्ड. थीसिस नहीं है!"

"थीसिस असता तर इतकी काळजी घेतली नसती. त्यावर कुणी उभं राहत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात, वाळूत, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मोजणीचा बांबू रोवला. एक पट्टा पाच सेंटिमीटरचा. रोज पाच ते पावणेसहा मी पूर्ण बाह्यांच्या पोहण्याच्या पोशाखात, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतली वही अडकवून त्या बांबूसमोर उभी राहू लागले. वहीत पाच रकाने: वार, वेळ, उंची, अंतर आणि शेरा. शुक्रवारी आम्ही भाजीसाठी जेद्दाला जातो आणि शनिवारी माझ्याकडे मुलांचा मराठीचा वर्ग असतो, म्हणून मोजणी रविवार ते गुरुवार. पाच दिवसांचा नमुना पुरेसा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आमचा समुद्र एरवी बशीतल्या चहासारखा. बाहेर प्रवाळाची भिंत आहे, ती मोठ्या लाटा आत येऊ देत नाही. पण काय आश्चर्य! रोज पाच वाजून वीस मिनिटांनी सात-आठ लाटांचा एक सुबक घोळका येई, बांबूवर चांगला चढे आणि पुढच्या उथळ वाळूवर फुटे. रोज! मिनिटाचाही फरक नाही! निसर्गाची ही शिस्त पाहून मी भारावले. मी आणि भारावले!

त्याच सुमारास, पाच-सोळाला, समोरून सर्वेक्षणाची बोट धक्क्याकडे परत जाई. तिचे तांडेल दाऊदभाई हर्णैचे. वीस वर्षे या तांबड्या समुद्रात बोट चालवतात. ते लांबूनच हात हलवत. मीही हलवी आणि शेऱ्याच्या रकान्यात लिही, 'बोट वेळेवर.' घड्याळ पडताळायला बरे.

पण ती बोट मोजणीच्या ऐन वेळी जाते, हे मला खटकू लागले. एकदा धक्क्यावर गाठून मी त्यांना म्हटले, "दाऊदभाई, जरा सावकाश न्याल का बोट? माझ्या मोजणीत व्यत्यय यायला नको."

"नेतो की मॅडम! तुमच्या कामात आमची कटकट कशाला?"

तीन दिवस बिचारे गोगलगायीसारखे गेले. आणि त्याच तीन दिवसांत लाट नाहीशी झाली! मी नोंद केली, 'समुद्र शांत. वारा बदलला असावा.' पुढे त्यांना साहेबांनी उशिराबद्दल सुनावले, बोट पुन्हा भरधाव जाऊ लागली, आणि मी लिहिले, 'वारा पूर्ववत.'

थांबा, हसू नका. अजून बरेच आहे.

चौथ्या आठवड्यात मला एक शोध लागला. सोमवारी आणि बुधवारी लाट सरासरी अडतीस सेंटिमीटर. बाकीचे तीन दिवस सव्वीस. मी आलेख काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आमटीच्या वाटीशेजारी.

मनूने तो उलटसुलट करून पाहिला. "आई, पण समुद्राला मंडे कसा कळतो?"

"प्रश्न चांगला आहे. पण आपल्याला कारण नकोय, फिन हवेत. सोमवार-बुधवारसाठी रुंद, बाकीच्या दिवशी अरुंद. दोन्ही जोड्या मागवू."

"बोर्ड मनूच्या ग्रॅज्युएशनपर्यंत येईल ना?" प्रदीपने भात कालवत विचारले.

त्याला मी आमटी वाढली. पण खरे सांगते, मनू तेव्हा हसली नाही, हे मला दिसले होते. ती रोज किनाऱ्यावर येऊन बसे. मी बांबू बघे, ती मला बघे. आठवडे सरत होते आणि तिची बॅग एकेक कपड्याने भरत होती. मला वाटे, नीट निवडले म्हणजे उरलेल्या चार दिवसांतही सगळे वसूल होईल.

सहा आठवडे, तीस नोंदी. मग मागणी नोंदवली. मनूचे विमान रविवारी रात्री, आणि बोर्ड आला त्याच्या आधीच्या गुरुवारी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी. म्हणजे उरला शुक्रवार. शनिवार निरोपाच्या जेवणांत आणि बॅगांच्या वजनात जाणार होता.

मी सहा मराठी कुटुंबांना शुक्रवारी किनाऱ्यावर बोलावले. शेजारच्या नीलिमावहिनींनी आमच्या घरी येऊन बोर्डाला हळदकुंकू वाहिले आणि डबाभर भजी घेतली. दाऊदभाईंनाही आग्रहाने बोलावले. समुद्राची शिस्त अनुभवी माणसाने पाहावी, एवढाच हेतू. मी लोकांपुढे आलेख धरून थोडके बोललेसुद्धा. वीस मिनिटे.

"ठीक पाच-वीसला पहिली लाट येईल," मी समारोप केला. "मनू, जा."

मनू बोर्डावर पालथी पडून हात मारत बांबूच्या पुढे गेली आणि वाट पाहू लागली.

पाच-वीस. काही नाही.

पाच-पंचवीस. पाण्यावर साधी सुरकुती नाही.

"चार-पाच मिनिटं इकडेतिकडे होतात," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

पाच-चाळीसला भजी संपत आली. दाऊदभाई ताटली घेऊन माझ्याजवळ आले. "मॅडम, कसली वाट बघतायत सगळे?"

"लाटेची."

"कुठल्या लाटेची?"

"रोजची! पाच-वीसची!"

दाऊदभाईंनी हातातले भजे हळूच परत ताटलीत ठेवले.

"मॅडम... पाच-वीसची लाट म्हंजे मीच की."

सहाही कुटुंबे माझ्याकडे वळली. मी घसा साफ केला. "आणि सोमवार-बुधवार?"

"त्या दिवशी बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्या असतात. बोट जड. पाणी लई ढवळतं."

"आणि ते तीन दिवस?"

"तुम्हीच बोललात ना, सावकाश न्या म्हणून?"

"अहो, मग सांगितलं का नाही मला?"

"मला वाटलं तुम्ही माझीच लाट मोजताय," ते अगदी ओशाळून म्हणाले. "घरी फोनवर सांगितलं पण, एवढ्या शिकलेल्या मॅडम रोज आपल्या बोटीची लाट मोजायला पाण्यात उभ्या ऱ्हातात. बायकोने गावभर केलं ते."

तोवर मनू किनाऱ्यावर आली होती. तिने माझ्या गळ्यातली वही काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"बोट वेळेवर. बोट वेळेवर. बोट वेळेवर. आई! तीस वेळा लिहिलंयस!"

"सत्तावीस," मी दुरुस्ती केली. "तीन दिवस ती सावकाश होती."

हशा पिकला. नीलिमावहिनींना ठसका लागला. प्रदीप तर वाळूत बसला. मनूही हसली, आणि मग हसता हसता थांबली. वही मिटून तिने माझ्या हातात दिली.

"इट्स ओके, आई," ती म्हणाली. "पुण्यात तसाही समुद्र नाही."

ती चिडली असती तर बरे झाले असते, इतके ते 'ओके' मला लागले.

"दाऊदभाई," प्रदीपने विचारले, "आत्ता एक फेरी मारता येईल?"

"साहेब, आज सुट्टी. कोस्टगार्डच्या परवानगीशिवाय दोरी सोडली तर इथं राहायचा इकामाच खलास. उद्यापण बंद. परवा येतो ना! पाच-वीसला!"

परवा म्हणजे रविवार. विमान रात्री दहाचे, जेद्दा तासाभरावर. आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी: मी विमानतळावर चार तास आधी पोहोचते. नेहमी. रविवारी घर सोडण्याची वेळ मी पाच वाजता ठरवली होती आणि तसा कागद फ्रिजवर लावला होता. मनूला तो पाठ होता. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"सात," मी म्हणाले.

"काय सात?" प्रदीपने विचारले.

"सात वाजता निघू."

त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी बॅगा गाडीत टाकूनच आम्ही किनाऱ्यावर गेलो. रविवार म्हणजे तक्त्यानुसार सव्वीस सेंटिमीटर. मी अरुंद फिन बसवले. तेवढ्यात दाऊदभाईंचा फोन. "मॅडम, आज टाक्यांऐवजी पिंपं घेतलीयत, समुद्राच्या पाण्याने भरून! सोमवारसारखी आणतो. यल्ला, निघालोच!"

रविवारी सोमवारची लाट! मी किल्लीने चारही स्क्रू सोडवून रुंद फिन बसवले. स्क्रू एकही वाकडा गेला नाही.

मनूने आपला फोन जलरोधक पिशवीत घालून माझ्या हाती दिला. "आई, तू फक्त मला बघ. व्हिडिओ काढ. और कुछ नहीं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, नेहमीच्या जागी. बांबू अजून तिथेच होता, दोन हातांवर. उपटून टाकायला हवा होता, नाही का? आता सुचते.

पाच-सोळाला बोट आली. दाऊदभाईंनी भोंगा वाजवला. चार मिनिटे मी मनूवर फोन रोखून होते. मग निळ्या पाण्याला एक फुगवटा आला आणि तो आमच्याकडे सरकू लागला. मनू जिवाच्या आकांताने हात मारू लागली. लाट तिच्यापाशी पोहोचली, तिने तळवे बोर्डावर टेकले, आणि नेमक्या त्याच क्षणी लाटेचा माथा बांबूवर चढला.

सहा आठवड्यांची सवय! माझे डोळे बांबूकडे गेले. डोळ्यांमागून मान गेली, मानेमागून हात आणि हातामागून फोन.

"एकेचाळीस!" मी किंचाळले. विक्रम होता तो!

मागे काठावर आरडाओरडा चालला होता. प्रदीप शिट्ट्या मारत होता. मी वळून पाहिले तेव्हा मनू गुडघाभर पाण्यात उभी होती, बोर्ड बगलेत, केस तोंडावर, आणि सबंध चेहराभर हसू.

"आई! बघितलंस? आय स्टुड अप! बघितलंस ना तू?"

विमानतळावरच्या रांगेत तिने तो व्हिडिओ पाहिला. एकोणीस सेकंद. लाल-पांढरा बांबू, अत्यंत स्पष्ट, जराही न हललेला. तिने तो चार वेळा पाहिला, माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि हसून हसून रडली. मग आत गेली.

घरी परतल्यावर मी वहीत शेवटची नोंद केली. रविवार, पाच-वीस. उंची एकेचाळीस सेंटिमीटर. शेरा: बोट वेळेवर. मुलगी लाटेवर उभी राहिली, असे प्रत्यक्षदर्शी सांगतात.