धाब्याची खारी आणि चौदा अर्ध्या चड्ड्या

माझं लग्न ज्या माणसाशी झालं, तो रोज पहाटे घरातून पळून जात असे. (आणि तासाभराने परतही येत असे, हे माझं दुर्दैव.)

आमचे हे गावच्या शाळेत मास्तर होते. त्या काळी जो तो श्रमदानाचं नाव काढायचा. कोणी रस्ता करी, कोणी बांध घाली. पण लोक चालत जाऊन श्रमदान करत. आमच्या ह्यांना ते पटेना. "पळत जायचं, अर्धा तास गावाची सेवा करायची, पळत यायचं! शरीरही घडतं, गावही घडतं!" असं हे शाळेतल्या मराठीत सांगत आणि तेरा गडी माना डोलवत. झालं, 'धावतं सेवा मंडळ' निघालं. शहाद्याच्या बाजारातून एकाच ताग्यातल्या चौदा खाकी अर्ध्या चड्ड्या शिवून आल्या. त्यातली एक माझ्या जेठांची, म्हणजे थोरल्या दिरांची. चाळिशी उलटलेला, मिशीवाला माणूस, तोही पळायला लागला!

घर तापीकडच्या उतारावर, गावाच्या टोकाला. त्यामुळे मंडळाचा तळ आमच्याच ओट्यावर. टिकाव, फावडी, घमेली सगळी माझ्या दारात. परतीला चौदा जण माझे दोन माठ रिकामे करत, आणि ते भरायला विहिरीवर कोण जाई? सेवा गावाची, डोक्यावर हंडा माझ्या! सासूबाईसुद्धा कपाळाला हात लावत. "सारंगखेडानी घोडास्नी जत्रामा बांधी या रे यास्ले," त्या म्हणत, "कोनी तरी लई जाई!"

त्या साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर तिचा जीव राहत नाही. माहेरच्या निंबाला झोका बांधलेला असतो आणि वर्षभराच्या मैत्रिणी तिथे भेटतात. पण आमच्या सासूबाईंनी अट घातली होती. "पयले धाबावर खारी पडू दे, मंग माहेर. नही तं तुन्हा भाऊ येई, जेई, नि एकलाच परत जाई!" आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर नवी खारी पसरून चोपावी लागे. खारी म्हणजे पांढरट, चिकट माती. मी दहा दिवस गाडीवानाच्या मागे लागून चार गाड्या खारी ठरवली आणि बजावलं, "मागच्या अंगणात टाक रे बाबा!"

गाड्या सांजेला आल्या. मी चुलीपाशी होते. खारी ओतल्याचा आवाज ऐकला आणि सुखाने भाकरी थापत बसले. उठून बघितलं का? नाही! तिथेच माझी मती मारली गेली.

आता गंगूआक्का. ही आमची शेजारीण. तिचं जुनं धाबं दोन महिन्यांपूर्वी खाली बसलं होतं आणि त्याचा ढिगारा तिने आमच्या दोघींच्या दारांमधल्या वाटेवर लोटून ठेवला होता. उचल म्हटलं की म्हणे, "उचलू व माय, घाई काय शे!" दोन महिने मी त्या ढिगाऱ्याला वळसा घालून पाणी भरत होते आणि दोन महिने माझं डोकं तापत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, मंडळ ओट्यावर जमलं. तापीकडे जाणाऱ्या उताराच्या रस्त्यातले खड्डे बुजवायचे होते. माती कुठून आणायची यावर चर्चा सुरू झाली. मी दाराच्या आत. बाहेर जेठ अर्ध्या चड्डीत उभे असताना सुनेने दार उघडायचं कसं? आमच्यात तर जेठांसमोर डोक्यावरचा पदर हलत नसे. पण जीभ कुठे पदराखाली होती! फळीच्या फटीतून मी ओरडले, "माती कसाले शोधतस? दारम्होरला ढिगारा लई जा ना! दोन महिना व्हयनात!"

बाहेरून जेठांचा खाकरा. जेठांनी माझ्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून ते ह्यांना म्हणाले, "मास्तर, इचार रे तिले. हाई तं खारी शे. लई जाऊत का?"

हे दोन पावलं पुढे येऊन दाराला म्हणाले, "अगं, दादा विचारतात, ही खारी आहे. नेऊ का?" (मी जेठांचं आधीच ऐकलं होतं. तिघांमध्ये एक फळी होती फक्त!)

गंगूआक्काचं धाबं पडलेलं, तर त्यात खारी असणारच की! मी कडाडले, "सांगा त्यास्ले, खारी ऱ्हावो का साखर ऱ्हावो, मन्हा दारम्होरे नको!"

"ती म्हणते, न्या," ह्यांनी जेठांना सांगितलं.

चौदा जणांनी घमेली भरली आणि पळत सुटले. परत आले, भरली, पळाले. मी आत बसून खुशीत लुगड्यांच्या घड्या घालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या चड्ड्यांबद्दल मला माया वाटली.

उजाडलं आणि बाहेर गंगूआक्काची हाक आली. "माय व! तुन्ही खारी कोन लई गया? मन्हा ढिगारा तं आठेच शे!"

मी धावत बाहेर आले. ढिगारा होता तसाच होता. उलट वरून झाडल्यासारखा स्वच्छ! त्या ढिगाऱ्यानेच मागच्या अंगणाची वाट अडवली होती, म्हणून त्या गाडीवानाने चारही गाड्या त्याच्यावरच ओतल्या होत्या. माझी खारी उताराच्या खड्ड्यांत चोपून बसली होती आणि पाटलाच्या बैलगाड्या तिच्यावरून डौलात चालल्या होत्या.

हे ओट्यावर घाम पुसत बसले होते. "अगं, समाजाची सेवा झाली."

"मन्हा धाबावर कोनता समाज ऱ्हास?" मी ओरडले. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "भाऊ सकाय येई ना? येऊ दे. पुरनपोई खाई नि जाई."

माझं डोकं भणाणलं. मी पदर ओढून थेट शाळेत गेले. मंडळ तिथे रस्त्याबद्दल आपला सत्कार कोणाच्या हस्ते करायचा याची बैठक घेत होतं! जेठ होते, म्हणून मी पाठ फिरवून भिंतीशी बोलले. "भीत माय, सांग यास्ले. आजना आज खारी पाहिजे. नही तं उद्यापासून मन्हा ओटावर पानीना थेंब भेटनार नही!"

पाण्याचं नाव काढल्यावर मंडळ हललं. पण पाटलाच्या धरून गावातल्या सगळ्या गाड्या लग्नाला गेलेल्या. खारीची खाण नाल्यापलीकडे, पाव कोसावर. म्हणजे घमेलं डोक्यावर आणि पळत. पहिल्या फेरीला जोर होता. दुसऱ्या फेरीला सात जण पळत होते आणि सात जण बाभळीखाली 'श्वासाचा व्यायाम' करत होते. तिसऱ्या फेरीला आमचे हेच आडवे! रोज पळणारा माणूस, आणि बायकोच्या कामाला दम लागतो?

मग मी घमेलं उचललं, पदर दातात धरला आणि पळाले. वाटेत जेठ. सुनेने जेठांना मागे टाकायचं, हे आमच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि टाकलं मागे! ओट्याओट्यावर बायका उभ्या. गंगूआक्का कुठे मदतीला येते? ती टाळ्या वाजवत होती. माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. हे आणि बाभळीखालचे सगळे लाजेने उठले आणि दिवस मावळायच्या आत धाबं चोपून झालं. सासूबाईंनी वर चढून पाहिलं आणि म्हणाल्या, "जाय माय, माहेर जाय."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. "आक्का, रस्ता काय झकास व्हई गया व! गाडी कशी लोनीवरथीन ऊनी!" मी दात-ओठ खाल्ले आणि गाडीत चढायला गेले. पाय उचलेना. पोटऱ्यांचे दगड झाले होते. भावाने गोणीसारखं उचलून टाकलं मला.

आखाजीला निंबाखाली मैत्रिणी झोक्यावर गात होत्या आणि मी पायांना तेल लावून बाजेवर. ज्या झोक्यासाठी जिवाचं रान केलं, त्याच्यावर एकदाही बसता आलं नाही. "बस ना व!" कोणी म्हटलं की मी खवळायचे, "पयाले सांगा, पयस! झोकावर बसानं सांगू नका!"

'पळायला सांगा, पळते' हे माझं वाक्य भावाने परत सोडायला आल्यावर ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी मंडळाच्या फळ्यावर पंधरावं नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जेठांनी खाकरून विचारलं, "मास्तर, इचार रे तिले, ती म्होरे पयनार का मांगे?"