माझ्या नावाखालचं नाव

शाळेच्या समारंभाला मला बोलावतात आणि जुन्या परंपरांवर चार शब्द बोला म्हणतात. मी विहिरीकाठच्या कडुलिंबाचं सांगतो, मिलच्या भोंग्याबरोबर होणाऱ्या घंटेचं सांगतो. पुस्तकांच्या परंपरेचं मात्र टाळतो. ते सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा सोलापुरात कॉलेज नव्हतं. आमच्यासारख्यांचं शिक्षण मॅट्रिकला संपे. परीक्षा देऊन आलेली मुलं निरोपाच्या दिवशी आपली सगळी पुस्तकं खालच्या वर्गातल्या एकेकाला देत. पहिल्या पानावर आपल्या नावाखाली घेणाऱ्याचं नाव देणारा स्वतःच्या हाताने लिही. एकदा नाव लिहिलं की पुस्तक परत मागायचं नाही. मागितलं तर विद्या जाते, असा सगळ्यांचा समज. निकाल मात्र त्यानंतर दोन महिन्यांनी लागे. नापास होणाऱ्याने काय करायचं, याचा विचार कुणीच केला नव्हता. मास्तरांनीही नाही.

माझं नाव लिहिलं ते बोर्डिंगात माझ्या शेजारी चटई टाकणाऱ्या मुलाने. तो मंगळवेढ्याकडच्या धनगराचा मुलगा, घरात अक्षर ओळखणारा पहिलाच. वर्गाने माझ्या पुढे, पण भूमिती सोडवायला मास्तर कधी कधी त्याला आमच्याही वर्गात बोलावत. मी प्रमेयं पाठ करून वेळ मारून नेणारा.

निकाल लागला आणि तो इंग्रजीत नापास झाला. चार दिवसांनी बोर्डिंगाच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, गुडघ्यापर्यंत धूळ. वडिलांनी आणखी एक वर्ष दिलं होतं, पण पुस्तकं नव्याने घेणं जमणार नाही असं बजावून. पुस्तकं मिळाली तर शाळा, नाही तर मेंढरं.

"एकाच पुस्तकावर दोगं वाचू की," तो म्हणाला. "भूमिती मी सांगतो तुला."

मी म्हणालो, "नाव तू लिहिलंस. परत मागायची रीत नाही."

"व्हय, लिव्हलंय खरं," तो म्हणाला, विहिरीवर पाणी प्यायला आणि चालू लागला.

माझ्या मनात रीतबीत काही नव्हती. आता तो माझ्याच वर्गात बसणार, मास्तर रोज त्यालाच फळ्यापाशी बोलावणार, ही माझी पोटदुखी होती. मी हलकटपणा केला आणि रीतीच्या आड लपलो.

वर्षभर पुस्तक उघडलं की आधी त्याचं अक्षर दिसे. मी पास होण्यापुरता अभ्यास केला. निरोपाच्या दिवशी प्रत्येक पुस्तकावर माझ्या नावाखाली त्याचंच नाव लिहिलं. मास्तर म्हणाले, असं करत नाहीत. मी ऐकलं नाही. गठ्ठा बांधून मोटारीने मंगळवेढ्याला गेलो, आणि पुढे चालत.

तो माळावर मेंढरांमागे होता. धोतराला हात पुसून त्याने वरचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बा गेला माघ म्हयन्यात. आता मेंढरं माझ्याकडंच." गठ्ठा पुन्हा नीट बांधून त्याने माझ्या हातात दिला. "हितं दुसऱ्या कुणाचं नाव लिव्ह. औंदाबी कुणीतरी दारात उभं ऱ्हाईल की."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसरं नाव लिहायचं तर त्याचं खोडावं लागलं असतं, ते माझ्याच्याने झालं नाही. पुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. त्या वर्षी बोर्डिंगाच्या दारात कुणी उभं राहिलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.