झोपे सर, बी.एस्सी.

माझं आडनाव झोपे. आमच्या फैजपूरकडे या आडनावाला कोणी हसत नाही, कारण तिकडे गल्लीत दर चार घरांमागे एक झोपे निघतो. पण जळगावात येऊन याच नावाने क्लास काढायचा, हे धाडस म्हणावं की अक्कलशून्यपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. १९५७ साली बळीराम पेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर मी क्लास सुरू केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'शांतता राखा, सर झोपे आहेत.' मी ते लगेच पुसलं नाही. त्या खोलीत तोवर बिनचूक लिहिलेलं तेवढं एकच वाक्य होतं.

क्लासचा बोर्ड मगन पेंटरने रंगवला. मी त्याला कागदावर मजकूर लिहून दिला होता: 'पी. एस. झोपे, बी.एस्सी. (नापास)'. त्या काळी असं लिहायची पद्धत होती, आणि त्यात लाज नव्हती. नापास व्हायला का होईना, माणूस तिथपर्यंत पोचला होता हे लोकांना कळायचं. पण मगनने अक्षरं अशी ऐसपैस काढली, की 'बी.एस्सी.'पाशी पत्रा संपला.

"कंस राहिला सर," मगन म्हणाला. "पत्रा मोठा आणा, नाहीतर नाव बारीक करतो."

"असू दे सध्या," मी म्हणालो.

ते 'सध्या' सहा वर्षं टिकलं.

आता नापास कसा झालो तेही सांगतो. लेखी पेपर मला कधी जड गेले नाहीत. मला भोवलं ते फिजिक्सचं प्रॅक्टिकल. पहिल्या वर्षी माझ्या हातून थर्मामीटर फुटला आणि पारा टेबलभर पळत सुटला. त्याच्यामागे मी आणि माझ्यामागे शिपाई, यातच वेळ संपली. दुसऱ्या वर्षी स्पेक्ट्रोमीटर आला. त्याच्या नळीला डोळा लावला की इतरांना रंगांचे पट्टे दिसायचे, मला माझीच पापणी दिसायची. म्हणून घोकून ठेवलेली सगळी रीडिंगं मी सुबक अक्षरात वहीत उतरवून काढली. बाहेरून आलेले परीक्षक वही पाहून म्हणाले, "उत्तम. आता दिवा लावा." दिवा मी लावलाच नव्हता. आणि तिसऱ्या वर्षी... तिसऱ्या वर्षीही नापास झालो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

आमचे नाना, म्हणजे वडील, केळीची लागण आटोपली की कधीतरी क्लासवर येऊन बसायचे. एकदा भर वर्गात म्हणाले, "पितांबर, बठ्ठे पोरं पास व्हतात तुह्ये. मंग तूच काबरं नही झाला?" मुलांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

नानांचं निरीक्षण मात्र खरं होतं. माझी मुलं पास व्हायची. तेव्हा अकरावीच्या परीक्षेला सगळे मॅट्रिक म्हणत, आणि ती ओलांडल्याशिवाय कॉलेजात पाय ठेवता येत नसे. ही परीक्षा शिकवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, याचं कारण माझी हुशारी नव्हे. नापास व्हायच्या सगळ्या वाटा मी स्वतः तुडवल्या होत्या. कुठे खड्डा आहे हे मला ठाऊक. पहिली पाच मिनिटं पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसता पेपर वाचायचा. सोपं गणित आधी. प्रश्नाचा नंबर समासात, ठळक. अडलं तर अर्धं पान सोडून पुढे जायचं. हे मी इतक्या कळकळीने सांगायचो, की मुलांना वाटायचं, सर फार विद्वान आहेत.

१९६३ च्या जूनमध्ये कापडाचे व्यापारी मिश्रीलाल जिना चढून वर आले. मागे त्यांची अठरा वर्षांची मुलगी चंद्रकांता, आणि तिच्या मागे तिची विधवा आत्या धापूबाई, हातात निवडायच्या डाळीची थाळी घेऊन.

"झोपे सर, हिला घरी सगळी गणितं येतात," मिश्रीलाल म्हणाले. "पण परीक्षेत अर्ध्या तासात उठून बाहेर येते. दोनदा झालं. हिला कॉलेजात जायचंय. मी ऑक्टोबरपर्यंत थांबतो. पुढे मग हिचं लग्न, माझा नाइलाज आहे."

"बी.एस्सी. झालेले मास्तर आहेत, करतील," धापूबाई म्हणाल्या. मी काहीच बोललो नाही. खाली गिरणी चालू होती आणि आवाज फार होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मुलीबरोबर घरचं माणूस हवं म्हणून धापूबाई रोज वर्गात मागे बसून डाळ निवडायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ऐकलेलं काही विसरत नसत. एकदा मी समीकरण सोडवत होतो, तर मागून आवाज आला, "मास्टरसाब, बाजू बदलली की अधिकाचं उणे होतं, असं तुम्ही परवा सांगितलं. आज अधिकच राहिलं की." मी फळ्याकडे पाहिलं. राहिलंच होतं. "तुमचं लक्ष आहे की नाही ते पाहत होतो," मी वर्गाला म्हणालो. वर्गाचं नव्हतं, ते स्पष्टच होतं.

चंद्रकांताला खरोखर सगळं यायचं. शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतंच. तिला भीती होती ती घंटेची, नंबर टाकलेल्या बाकाची आणि पाठीमागे फिरणाऱ्या सुपरवायझरची. म्हणून दर रविवारी मी खोटी परीक्षा घेऊ लागलो. बाकांवर नंबर, पितळी घंटा, शिक्क्याचे पेपर. सुपरवायझर म्हणून धापूबाईंना उभं केलं. त्या कामात त्या इतक्या रमल्या, की एका रविवारी त्यांनी मलाच दटावलं, "मास्टरसाब, पेपर चालू असताना बोलायचं नाही." पहिल्या रविवारी चंद्रकांता वीस मिनिटांत उठली. सप्टेंबरच्या शेवटी पूर्ण तीन तास बसली आणि शंभरातली ब्याऐंशी गुणांची गणितं बरोबर सोडवली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ही माझी जुनी खोड आहे.

ऑक्टोबरमध्ये बीजगणिताच्या पेपरला मी केंद्रावर गेलो. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. सगळी मुलं आत गेलेली. फाटकाबाहेर टांगा उभा, आणि टांग्यात चंद्रकांता. तिच्या शेजारी धापूबाई.

"उतरत नाही," धापूबाई म्हणाल्या.

"सर, माझे हात गार पडलेत," चंद्रकांता म्हणाली. "मला आत काही आठवणार नाही. घरी जाऊ द्या."

मी माझं सगळं ठेवणीतलं सांगून पाहिलं. पाच मिनिटं नुसतं वाच, सोपं आधी, वगैरे. ती रडत मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार सर. तुम्ही बी.एस्सी. आहात."

तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. "मी बी.एस्सी. नाही. बोर्ड खोटा आहे. दोनदा नापास झालो, आणि तिसऱ्या वेळी मी प्रॅक्टिकलला गेलोच नाही. असाच फाटकापाशी उभा होतो. घंटा ऐकली आणि मेहरूणच्या तलावावर जाऊन दिवसभर बसलो. घरी सांगितलं, नापास झालो. हे आजवर कुणाला माहीत नाही, माझ्या बायकोलाही नाही."

टांगेवाल्याने वळून माझ्याकडे पाहिलं. चंद्रकांता रडायची थांबली होती. धापूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आत गेलाच नाहीत? मग नापास कसे झालात? तुम्ही तर नापाससुद्धा नाही, मास्टरसाब."

हे मला तोवर कुणी इतकं सरळ सांगितलेलं नव्हतं. नापास म्हणून माझी जी काही पत होती, तीही गेली. चंद्रकांताला आधी हसू फुटलं, मग ती ओशाळली, आणि पहिली घंटा झाली तशी टांग्यातून उडी मारून पळत आत गेली. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, की माझ्यासारखं होऊ नये म्हणून ती पळाली, हे मी तिला नंतरही कधी विचारलं नाही. अर्ध्या तासाने मी फाटकाकडे पाहिलं. तासाने पाहिलं. ती बाहेर आली नाही. तीन तासांनी आली तेव्हा बोटं शाईने निळी झालेली होती. "एक राहिलं," म्हणाली, "पण येत होतं."

निकालात तिला गणितात एकोणऐंशी मिळाले. मिश्रीलालना इतका आनंद झाला, की त्यांनी समाजाच्या सभागृहात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. भाषणात त्यांनी तीन वेळा 'आपल्या जळगावचे बी.एस्सी. झोपे सर' म्हटलं. पहिल्या रांगेत चंद्रकांता आणि धापूबाई बसल्या होत्या. दोघींनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. माझी पत्नी कुंदाबाईही तिथेच होती. मी बोलायला उभा राहिलो आणि खोकून खोकून घसा साफ करत राहिलो. मग एका दमात सगळं सांगून टाकलं, पत्रा, कंस, फाटक, तलाव. सभागृहात कुणी हलेना. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

त्या आठवड्यात एकतीस मुलांतली सतरा क्लास सोडून गेली. मिश्रीलाल पंधरा दिवस रस्त्यात दिसले की दुसरीकडे पाहायचे. मग एके सकाळी स्वतः आले. "मला तुमचा फार राग आला होता," म्हणाले. "बोर्ड आज उतरवा. आणि धापूबाई विचारतेय, तुम्ही बी.एस्सी.च्या परीक्षेचा फॉर्म कधी भरणार?" बोर्ड आम्ही दोघांनी मिळून उतरवला. त्याची कड माझ्या अंगठ्यावर आपटली. नख महिनाभर काळं होतं.

कुंदाबाई घरी जाऊन एवढंच म्हणाली, "तलावावर बसला होतात, तर जेवलात काय त्या दिवशी?" मला आठवेना. ती रागावली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

१९६५ च्या एप्रिलमध्ये मी परत परीक्षेला बसलो. जळगावात तोंड कसं दाखवायचं म्हणून अर्ज करून केंद्र मुद्दाम धुळ्याचं मागून घेतलं. पांढरा सदरा घालून, तेहतीस वर्षांचा मी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो, तर आतून एक तरुण डेमॉन्स्ट्रेटर लगबगीने पुढे आला. मोतीलाल! माझ्या पहिल्या वर्गातला.

"सर, तुम्ही? परीक्षक म्हणून आलात का?"

"नाही," मी म्हणालो. "नंबर चौदा."

मोतीलालचा चेहरा असा झाला, की जणू तोच नापास झालाय. त्याने गुपचूप माझा बाक दाखवला. प्रयोगाची चिठ्ठी उचलली, तर स्पेक्ट्रोमीटर. पाच मिनिटं मी यंत्राला हातच लावला नाही, नुसतं पाहत बसलो. शेजारच्या मुलाला वाटलं असावं, म्हाताऱ्याला झोप लागली. मग दिवा लावला, नळी सावकाश फिरवली, आधी पापणी दिसली, मग अंधार, आणि मग एकदम पिवळी रेघ, ताणलेल्या दोरीसारखी सरळ. मला इतका आनंद झाला, की मी मोठ्याने "दिसली!" म्हणालो. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिसणारच," ते म्हणाले. "रीडिंग घ्या."

तिसऱ्या वर्गात पास झालो. तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या चंद्रकांताने पुण्याच्या पेपरात नंबर शोधला आणि पेपर घेऊन धापूबाईंसह जिना चढून आली. धापूबाईंनी पेपर उलटा धरून नीट पाहून घेतला आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. त्याच जूनपासून मला नशिराबादच्या एका शाळेत गणित-विज्ञानाची नोकरी लागली. संध्याकाळी माडीवरचा क्लासही चालू ठेवला. मुलांचा आकडा पुन्हा तिशीवर गेला नाही, पण येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारायची, "सर, त्या पाऱ्याचं सांगा ना."

चंद्रकांता गणित घेऊन पदवीधर झाली, बी.एड. झाली आणि धुळ्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागली. लग्न तिने पुढे केलं, तिच्या मर्जीने आणि तिच्या वेळेला. आणि १९७२ साली सरकारने गणिताचा अभ्यासक्रमच बदलला. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी येणार होती, आणि पुस्तकात 'संच' नावाचं एक प्रकरण घुसलं होतं. गोल काढायचे, गोलात गोल अडकवायचे. आम्हा जुन्या मास्तरांना त्यातलं काही कळेना, म्हणून मे महिन्यात धुळ्याला शिक्षकांचं शिबिर ठेवलं. मी जाऊन दुसऱ्या बाकावर बसलो. वर्ग घ्यायला चंद्रकांता आली.

तिने मला पाहिलं, नमस्कार केला, आणि मग तासभर माझ्याकडे अजिबात न पाहता शिकवलं. सुरेख शिकवलं. शेवटी सगळ्यांना पाच उदाहरणं सोडवायला दिली आणि वह्या गोळा केल्या. माझी तीन चुकली होती. तिने लाल शाईने त्यांच्यावर काट मारली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'सर, प्रश्नाचा नंबर समासात लिहिलेला नाही.'

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "रागावलात का सर?"

"छे," मी म्हणालो. "पण ती चौथ्या उदाहरणाची काट जरा जास्तच मोठी झाली."

"पुन्हा समजावून सांगू?"

"सांग," मी म्हणालो, आणि वही तिच्यापुढे धरली.