बाभळीची दोन पिस्तुलं

जळकोटजवळ हायवेला माझा पेट्रोल पंप आहे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, मोटारसायकलवरून दोघंजण आले. तोंडाला रुमाल बांधलेले. मला वाटलं धुळीसाठी बांधले असतील. एकजण केबिनमध्ये शिरला, कोयता टेबलावर ठेवला आणि गल्ल्याच्या पिशवीकडं बोट केलं. मी पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. तो वळला तसा माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या बरं का परत."

हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. पण पंपावरच्या माणसानं ऐकलं होतं. आठ दिवसांत ते उमरग्यापर्यंत पोचलं.

लोक हसले, मीही हसलो. खरं म्हणजे त्या संध्याकाळपासून मोटारसायकलचा आवाज आला की माझा हात टेबलाखाली जायचा आणि गुडघा धरून बसायचा. हे मात्र मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला एवढंच म्हणालो, "मी पिस्तुलाचं लायसन काढतोय."

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिनं वहीतून डोकं वर केलं. "अहो, तुम्ही पाल दिसली की मला हाक मारता."

"पालीचा काय संबंध?"

"काही न्हाय. काढा काढा."

लायसनला बरेच महिने लागले. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "तुमचं कुणाशी वैर हाय का?" मी म्हणालो, नाही. "जमिनीचा वाद?" तोही नाही. "मग भ्या कुणाचं वाटतंय?" मी कोयत्याची हकिकत सांगितली. त्यानं लिहून घेतली आणि पेन खाली ठेवून विचारलं, "या बरं का, ते खरं हाय व्हय?"

धाराशिवच्या फेऱ्या मारून शेवटी लायसन हातात पडलं. आता प्रश्न आला, पिस्तूल घ्यायचं कोणतं? माझ्या मनात मोठं होतं. लांब नळीचं, भरीव मुठीचं, कमरेला लावलं की दहा जणांनी वळून बघावं असं. बायकोचं म्हणणं होतं, लहान घ्या. खिशात बसेल, कुणाला दिसणार नाही, आणि तुमच्या तब्येतीला कमरेला आणखी काही लावायला जागा कुठाय?

आम्ही दोघं भांडतोय हे बघून आईनं सुचवलं की सुभेदार चाचांना विचारा. चाचा आमच्या शेताच्या बांधाला बांध असलेले. फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि आता डाळिंबं करतात. माणूस कमी बोलणारा. मला लहानपणापासून बघितलेलं, तरी पंप झाल्यापासून चेष्टेनं 'शेठ' म्हणतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेठ, तुम्ही कधी पाऊण किलोचं लोखंड कमरेला बांधून दिवसभर फिरलाय?"

"नाही."

"मग आधी फिरा. पुन्हा दुकानात जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते मला सुताराकडं घेऊन गेले. बाभळीच्या लाकडाचे दोन नमुने करायला सांगितले, एक मोठा आणि एक लहान. आत पोकळी कोरून लोखंडाच्या पट्ट्या भरायच्या, म्हणजे वजन खऱ्यासारखं भरेल. दोन्ही आठ-आठ दिवस वागवायचे, जेवताना, गाडी चालवताना, देवळात, बाजारात, सगळीकडं. "जे अंगाला लागेल ते घ्यायचं. बंदूक बघून न्हाय घ्यायची, वागवून घ्यायची," चाचा म्हणाले.

सुतार हौशी निघाला. रंग द्यायचा नाही असं चाचांनी बजावलं होतं, तरी त्यानं दोन्ही नमुन्यांना काळा रंग मारला आणि वरून पॉलिश. चाप हलता केला. "फुकट केलं, शेठ," तो अभिमानानं म्हणाला. चार पावलांवरून खरंच वाटावं असं काम होतं.

पहिला आठवडा मोठ्याचा. कमरेला उजवीकडं खोचलं, वरून शर्ट सोडला आणि आरशात बघितलं. छाती आपोआप पुढं आली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "छान दिसतंय. आता बसून दाखवा."

बसलो आणि मूठ बरगडीत घुसली. गाडीत बसलो तर नळी मांडीच्या सांध्यात रुतायची. पट्टा सैल केला तर विजार खाली यायची, आवळला तर श्वास अडकायचा. पंपावर मी दिवसभर उभा राहू लागलो. लोकांना वाटलं, दरोड्यानंतर शेठ कामाला लागले. चाचा ट्रॅक्टरला डिझेल घ्यायला आले की माझ्याकडं न बघता विचारायचे, "काय शेठ, उभेच?"

पाचव्या दिवशी माकणीला लग्न होतं. माझ्या मावसभावाचा मुलगा नवरदेव, म्हणजे आम्ही वरपक्षाकडचे. बायको म्हणाली, आज तरी ते घरी ठेवा. मी म्हणालो, चाचांनी सगळीकडं सांगितलंय. आता वाटतं, मलाही ते चार लोकांत मिरवायचं होतं, थोडं फुगलेलं दिसू द्यायचं होतं.

पंगत जमिनीवर होती. मी मांडी घातली, जेमतेम. भात झाला, भाजी झाली, आणि हुग्गीचं पातेलं आलं. गव्हाची गुळातली हुग्गी मला फार आवडते. वाढणारा पुढं निघून चालला म्हणून मी पत्रावळ उचलून वाकलो आणि त्याला हाक मारली. त्याच क्षणी कमरेचं पिस्तूल सुटलं, शर्टाखालून घसरलं आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या पत्रावळीत, थेट हुग्गीत जाऊन पडलं.

गुरुजींचा घास हातात राहिला. समोरच्या रांगेतल्या दोघांनी पत्रावळी मागं ओढल्या. कुणीतरी बाईनं "अगं बाई" म्हटलं आणि त्यानंतर पंख्यांचा आवाज तेवढा उरला. तेवढ्यात मुलीचे वडील धावत आले. त्यांनी एकदा पिस्तुलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हात जोडले.

"पाव्हणं, काय चुकलं का आमचं? काय कमी पडलं का? सांगा की, बसून बोलू."

"नाही नाही, लाकडाचं आहे," मी म्हणालो.

"व्हय, व्हय, तुम्ही म्हणता तसंच. पर रागवू नका."

त्यांचा विश्वासच बसेना. मी हुग्गीतून पिस्तूल काढलं आणि लाकूड दिसावं म्हणून नखानं रंग खरवडू लागलो. ते बघून ते दोन पावलं मागं सरकले. शेवटी गुरुजींनी ते माझ्या हातातून घेतलं, पंच्यानं पुसलं, मुठीवर टिचकी मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "बाभूळ हाय. वाढा रे."

पंगत हसू लागली. हसणं थांबेचना. ओल्या डोळ्यांनी मुलीचे वडीलही हसले. मी लाल होऊन खाली बघत होतो. मग गुरुजींनी हळू आवाजात विचारलं, "कशापायी हे?"

का कोण जाणे, त्या माणसाला मी सगळं सांगितलं. कोयता, पिशवी, तोंडातून निघालेलं 'या बरं का'. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, मोटारसायकलचा आवाज आला की गुडघा धरून बसतो ते. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पत्रावळ बदलून घेतली आणि म्हणाले, "माझ्या सायकलीवर एकदा रानडुक्कर आलं हुतं. त्याला लई वर्षं झाली. अजून त्या वळणाला मी उतरून चालत जातो." एवढं बोलून त्यांनी मागवलेली हुग्गी माझ्या पत्रावळीत वाढायला लावली.

परतताना बायको गाडीत माझ्या शेजारी बसली. जेवताना ती माझ्या पाठीमागच्याच बायकांच्या पंगतीत होती, तिनं ऐकलं असावं. जळकोट जवळ आल्यावर म्हणाली, "मला सांगायचं हुतं की गुडघ्याचं." मी गाडी हळू केली. तिनं मागच्या सीटवरचं पिस्तूल उचललं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. पर्स मिटली नाही.

दुसरा आठवडा लहानाचा. काय सांगू, सुख होतं. खिशात टाकलं की संपलं. बसता येत होतं, वाकता येत होतं, जेवता येत होतं. दोन दिवसांत मी बायकोला म्हणालो, तुझंच बरोबर, लहानच घेऊ. ती खूश झाली आणि तिनं ते लपवलंही नाही.

तिसऱ्या दिवशी न्हाव्यानं घरी येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू आईच्या हातात दिली. "शेठनी खुर्चीवर इसरलं." आईनं उलगडून बघितलं आणि ते देवघराजवळ ठेवलं. संध्याकाळपर्यंत मला आठवणसुद्धा झाली नव्हती. हसून सोडून दिलं.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, न्हाणीतून धडाम धडाम आवाज यायला लागला. वॉशिंग मशीन जागेवर उड्या मारत होतं. आम्हाला वाटलं मोटर गेली. बायकोनं बटण बंद केलं, झाकण उघडलं, ओले कपडे एकेक करून काढले. माझ्या विजारीच्या खिशातून तिनं ते लहान पिस्तूल बाहेर काढलं. काळा रंग सगळ्या कपड्यांना लागला होता. आईचं पांढरं लुगडं करडं झालं होतं.

मी हसायला सुरुवात केली आणि थांबलो. तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"हे खरं असतं तर?" ती म्हणाली. "भरलेलं असतं तर? आई इथंच बसून कपडे पिळत असतात."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. आई बाहेरून विचारत होती, मशीन मोडलं का रे.

त्याच दुपारी चाचांना बोलावलं. त्यांनी दोन्ही नमुने समोर ठेवले. मोठ्याचा रंग खरवडलेला, लहान भिजून फुगलेलं. ते म्हणाले, "मोठं टोचतंय म्हणून तुमाला ध्यानात राहिलं. लहान टोचत न्हाय म्हणून इसरलं. टोचाय पायजे, शेठ. ही चीज टोचलीच पायजे." मग बायकोकडं वळून, "क्यों बेटी?"

बायको म्हणाली, "मोठंच. आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं."

सोलापूरला तिघं गेलो. दुकानदार वयस्कर होता. त्यानं कापड अंथरून दोन्ही पिस्तुलं ठेवली आणि माझा अंदाज घेत म्हणाला, "लहान जास्त खपतं. लपवायला बरं." चाचांनी विचारलं, गोळी सुटताना झटका कुणाचा जास्त? तो प्रामाणिक होता. म्हणाला, लहानाचा. हलकं असल्यानं हातात उडतं, नळी आखूड म्हणून नेम धरायला सराव लागतो. मोठं जड, पण हातात बसून राहतं.

मी मोठं हातात घेतलं. खरं पिस्तूल पहिल्यांदाच हातात आलेलं. मला वाटलं होतं, धीर येईल. तसलं काही झालं नाही. मी ते पटकन कापडावर ठेवलं. बायकोनं उचललं, नळी जमिनीकडं वळवली आणि विचारलं, "रिकामं हाय का भरलेलं, ते बघायचं कसं?" दुकानदारानं दाखवलं. तिनं पाच वेळा करून बघितलं. तिथून पुढं दुकानदार माझ्याशी बोललाच नाही. सगळं तिलाच समजावून सांगत होता.

घेतलं मोठंच. सुरुवातीला मी चाचांबरोबर सोलापूरला जाऊन नेमबाजी शिकलो. माझ्या गोळ्या कागदाच्या कडेकडेनं लागतात. चाचा म्हणतात, चोराला घेरायचा तुमचा इरादा दिसतोय. तीन-चार दिवस कमरेला लावून पंपावर उभा राहिलो, मग पिस्तूल कपाटात गेलं ते तिथलंच झालं. किल्ली बायकोच्या मंगळसूत्राशेजारी लटकते. गुडघा मात्र आता मी धरत नाही. ते कधी थांबलं ते सांगता येणार नाही. माकणीची पंगत जिथं तिथं सांगता सांगता केव्हातरी थांबलं असावं.

आणि निवडणूक लागली की लायसनवालं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. आपल्याकडं एक निवडणूक उरकते तोवर दुसरी येते. गेल्या वेळी मतमोजणी होऊन महिना लोटला तरी मी आणायला गेलो नव्हतो. ठाण्यातून फोन आला.

"शेठ, घेऊन जावा की तुमचं. आमच्या कपाटात लई जागा खातंय."

मी बायकोला विचारलं, जाऊ का आज? ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना म्हणावं, सांभाळा अजून थोडे दिवस. तिथं पोलीस हायत."