गवतातलं घुबड

मला पक्षी बघायला शिकवलं ते आमच्याच बिल्डिंगमधल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीने. तोवर माझ्या लेखी जगात कावळे, चिमण्या आणि कबुतरं एवढेच पक्षी होते आणि तिन्हींवर माझा राग होता. ती शाळेत शास्त्र शिकवायची, मी विमा कंपनीत फायलींवर शिक्के मारायचे. दिवाळी उलटली की आमचे रविवार ठरलेले. कधी पवईच्या तळ्यावर बदकं, पण बहुतेक वेळा चारकोपच्या मागचं खाजण. तिवरांच्या कडेने ओहोटीचा चिखल आणि त्यात लाल काड्यांवर चालल्यासारखे चालणारे शेकाटे. थर्मासमधला चहा तिचा, खायचं माझं.

तिचे नियम दोनच होते आणि ते ती वर्गात सांगावे तसे बोट वर करून सांगायची. पहिला, पक्ष्याबद्दल खोटं बोलायचं नाही. दिसला तर दिसला, नाही तर नाही. दुसरा, घुबडाची, घरट्याची जागा कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाही. आमच्यापैकी एकटीच कुणी गेली, तर दुसरीचा मेसेज ठरलेला असायचा, ‘काय दिसलं?’ आणि जे उत्तर येईल ते डोळे मिटून खरं मानायचं. मी तिच्याएवढा विश्वास माझ्या ऑफिसातल्या एकाही साहेबावर टाकला नसेल.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी खाजणापलीकडच्या माळावर मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि समोरच्या सुक्या गवतातून दोन पिवळे डोळे माझ्याकडे बघत होते. आखूड कानांचं घुबड. उत्तरेकडून कुठून कुठून येतं, आणि झाडाबिडावर न बसता सरळ जमिनीवर, गवतात बसून दिवस काढतं. पुस्तकातल्या चित्रावर आम्ही दोघींनी कितीदा बोट ठेवलं होतं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी एक बांगडी वाढली. तिने लांबूनच एक फोटो काढला आणि मागे दिसणारे टॉवर तिथल्या तिथे कापून टाकले.

“घरी पण बोलू नकोस हं,” ती म्हणाली.

मी खरंच बोलले नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, आज एवढी खुशीत का म्हणून. मी म्हटलं, हवा छान आहे.

पुढच्या शनिवारी तिचा मेसेज आला, ‘उद्या जमत नाही गं, पाहुणे आहेत.’ मला तिची दया आली. घुबड वाट बघतंय आणि ही बिचारी पोळ्या लाटत बसणार! सकाळी निघताना मी डब्यात खोबऱ्याच्या वड्या भरल्या आणि बेल न वाजवता तिच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून गेले. तेवढीच तिच्या पाहुण्यांची सोय.

माळावर पोचले तर कडेला गाड्या. गवतात हिरव्या-तपकिरी कपड्यांतले पुरुष, प्रत्येकाच्या हातात तोफेएवढी लेन्स. आणि सगळ्यांच्या पुढे माझी मैत्रीण, तिच्या वाढदिवसाला मी घेतलेली टोपी घालून, नेमकं त्या गवताकडे बोट दाखवत. “मॅडम, इधर?” कुणीतरी विचारलं. त्या ‘मॅडम’ने ती फुलली होती, मला लांबूनही दिसलं.

त्यांना घुबड उडतानाचा फोटो हवा होता. म्हणून ते रांग धरून गवत तुडवत पुढे सरकले. घुबड उठलं, थोडं पुढे जाऊन बसलं. रांग वळली. ते परत उठलं. तिसऱ्यांदा उठलं तेव्हा कावळ्यांनी पाहिलं आणि मग कावळ्यांनीच त्याला घेरून खाडीपलीकडे पिटाळलं. इकडे सगळे खाली मान घालून आपापल्या कॅमेऱ्यात फोटो कसा आलाय ते बघत होते.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तू? आज?” ती म्हणाली.

“तुझे पाहुणे बघायला आले. वड्या कडीला लावून आलेय, वाट यांना.”

“अगं, ऐक ना यार. मी एकालाच सांगितलं होतं.”

“आणि बाकीचे वासावर आले?”

“फोटोच काढतायत ना? मारतायत का त्याला?”

मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी वळले आणि चालत सुटले. घुबड त्या हिवाळ्यात परत दिसलं नाही. मी दर रविवारी एकटी जाऊन बघत होते.

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली. मी घेतला. गोड काही बोलले नाही. नंतर लिफ्टमध्ये, जिन्यात आम्ही बोलायला लागलो, पाणी कधी येणार, सोसायटीची मीटिंग कधी. एका बिल्डिंगमध्ये राहून अबोला धरणं परवडत नाही. पण रविवार संपले ते संपलेच.

यंदा डिसेंबरात मी पुन्हा त्या माळावर गेले. आता तिथे कुणी येत नाही, फोटो सगळ्यांचे काढून झालेत. पलीकडच्या टोकाला, बांधाच्या आडोशाला, गवत जरा हललं. पिवळे डोळे. तेच की दुसरं, देव जाणे. मी जागच्या जागी खाली बसले आणि बघत राहिले. शेजारी दाबायला हात नव्हता, त्याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन थरथरला. तिने मला गॅलरीतून दुर्बीण घेऊन जाताना पाहिलं असावं. वर्षभरानंतर पहिल्यांदाच तो मेसेज आला होता, ‘काय दिसलं?’

घुबड माझ्याकडे बघत होतं. मी लिहिलं, ‘काही नाही.’

तिचं उत्तर लगेच आलं. ‘अरेरे. पुढच्या वेळी नक्की दिसेल गं.’

तिने क्षणभरही शंका घेतली नाही. पाहुणे आहेत म्हणाली होती, तेव्हा मीही घेतली नव्हती.